ठळक सेरिफ फॉन्ट दर वेळी भरून का येतो? कारणं आणि उपाय

तक्रार बहुधा याच शब्दांत येते: ‘अक्षरं भरून आलीत.’ फाइलमध्ये शीर्षक खणखणीत दिसत होतं. छापून आल्यावर मात्र इंग्रजी लहान ‘ई’चा (e) डोळा मिटलेला, ‘ए’चं (a) पोट, म्हणजे आतली पांढरी जागा, काळं, आणि कॅपिटल ‘एन’चे (N) दोन्ही उभे दांडे गायब; मधली तिरकी जाड रेघ तेवढी शिल्लक. वेबसाइटवर हाच प्रकार दुसऱ्या तऱ्हेने होतो. जाड खांब राहतात, बारीक रेघा करड्या होऊन विरतात आणि शब्द अंदाजाने वाचावा लागतो. मग फॉन्ट बदलतात, दुसरा ठळक सेरिफ (रेघांच्या टोकांना छोट्या पट्ट्या, म्हणजे सेरिफ, असलेला फॉन्ट) घेतात, आणि पुढच्या कामात पुन्हा तेच रडगाणं.

फॉन्ट बदलून हे थांबत नाही, कारण दोष बहुतेक वेळा फॉन्टच्या जाडीत नसतो. अक्षर ठळक करायचं म्हणजे काळं वाढवायचं, आणि काळं वाढलं की पांढरं कुठून तरी कमी होणार: अक्षराच्या पोटातून, दोन अक्षरांच्या मधून किंवा सेरिफच्या कोपऱ्यातून. टाइप डिझायनर हे पांढरं मोजून-मापून खर्च करतो. त्याने शिल्लक ठेवलेलं पांढरं आपण नंतर उडवतो, कधी एका बटनाने, कधी रंगाच्या प्रोफाइलने, कधी भलत्या आकारात फॉन्ट वापरून. तेव्हा दुरुस्तीला बसलं की काळ्याकडे बघायचंच नाही. पांढरं कुठे गेलं, ते शोधायचं.

आधी बघा, बोल्ड खरा आहे का

फॉन्टच्या कुटुंबात बोल्डची वेगळी फाइल असते (किंवा व्हेरिएबल फॉन्टमध्ये, म्हणजे अनेक जाड्या एकाच फाइलमध्ये असलेल्या फॉन्टमध्ये, वेगळी रेखाटनं असतात). तिथे प्रत्येक अक्षर नव्याने काढलेलं असतं. ती फाइल तुमच्याकडे नसेल आणि तुम्ही ‘बी’, म्हणजे बोल्डचं बटन, दाबलं, तर वर्ड, फोटोशॉप किंवा ब्राउझर कुरकुर करत नाही. रेग्युलर अक्षराची कड चहूबाजूंनी फुगवून समोर ठेवतो. सॅन्स (सेरिफ नसलेल्या) फॉन्टमध्ये हे एक वेळ खपून जातं, सेरिफमध्ये नाही.

का नाही, ते आकड्यांत बघू. समजा १००० एककांच्या चौकटीत रेग्युलरचा उभा खांब ९० एककांचा आणि बारीक रेघ २० एककांची आहे. खऱ्या बोल्डमध्ये खांब १६०च्या आसपास जाईल, बारीक रेघ २५-३०वर थांबेल, आणि अक्षर थोडं रुंद करून त्याचं पोट राखलं जाईल. बनावट बोल्ड सगळीकडे सरसकट ४० वाढवतो. खांब झाला १३०, म्हणजे दीडपटही नाही. रेघ झाली ६०, म्हणजे तिप्पट. जाड-बारीकचं जे नातं साडेचारपट होतं ते दोनपटीच्या थोडंसं वर उरलं. अक्षर धड ठळकही झालं नाही आणि त्याचा डौलही गेला. शिवाय पोटातलं पांढरं दोन्ही बाजूंनी २०-२० एककांनी खाल्लं गेलं ते वेगळंच.

ओळखायची सोपी रीत: पीडीएफ अॅक्रोबॅट रीडरमध्ये उघडा, कंट्रोल-डी दाबा, फॉन्ट्सचा टॅब बघा. पानावर ठळक मजकूर आहे आणि यादीत त्या कुटुंबाचा फक्त रेग्युलर दिसतोय, तर बोल्ड बनावट. मजकूर कर्व्ह केलेला, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृत्या केलेल्या, असेल तर यादी कामाची नाही. मग ८०० टक्के झूम करून सेरिफची टोकं बघा. टोकं बोथट, कोपरे गोलसर आणि आडव्या रेघा गरजेपेक्षा जाड असतील तर समजून जा. फोटोशॉपमध्ये कॅरेक्टर पॅनेलमधलं ‘फो बोल्ड’ (Faux Bold, बनावट बोल्ड) एकदा चालू केलं की ते पुढच्या टेक्स्ट लेयरलाही लागतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. टेक्स्टचा शेप करायला गेलात आणि फो बोल्डचं कारण सांगून प्रोग्रॅमने नकार दिला, तर गुन्हेगार आयताच सापडला. इनडिझाइन या बाबतीत कडक आहे; फाइल नसलेला बोल्ड तो बनवून देत नाही.

कोरलड्रॉमध्ये याच रोगाचा दुसरा अवतार दिसतो: अक्षराला त्याच रंगाची आउटलाइन देऊन ‘जरा जाड’ करणं. १ पॉइंटची आउटलाइन अर्धी बाहेर जाते आणि अर्धी आत. म्हणजे प्रत्येक पोट दोन्हीकडून अर्धा-अर्धा पॉइंट, मिळून एक पॉइंट, अरुंद होतं. १२ पॉइंटच्या ठळक ‘ई’च्या डोळ्यात मुळात तेवढीच जागा असते. तो मिटणारच.

नावात रेग्युलर, अंगाने पहिलवान

वेबवर सगळ्यात जास्त दिसणारा घोटाळा हा. अब्रिल फॅटफेस, रोझा वन, डीएम सेरिफ डिस्प्ले हे फॉन्ट मुळातच भारदस्त आहेत, पण प्रत्येकात वजन, म्हणजे जाडीची पायरी, एकच, आणि तेही ४०० म्हणून नोंदलेलं. ब्राउझरच्या दृष्टीने ४०० म्हणजे रेग्युलर. आणि पानावरच्या शीर्षकांना ब्राउझर आपण होऊन बोल्ड, म्हणजे ७००, लावतो. ७००ची फाइल काही मिळत नाही, म्हणून आधीच जाड असलेल्या अक्षरावर तो आणखी एक थर चढवतो. डिझायनरने दाखवलेला नमुना आणि प्रत्यक्ष साइट यांच्यात ‘काहीतरी वेगळं वाटतंय’ अशी कुजबुज सुरू होते ती इथून.

खात्री करायला सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) फॉन्ट-सिंथेसिसची किंमत ‘नन’ (none) करून बघा. अक्षरं लगेच हलकी आणि नितळ झाली, तर आतापर्यंत तुम्ही बनावट जाडी बघत होता. कायमचा उपाय म्हणजे अशा एकवजनी फॉन्टच्या शीर्षकांना फॉन्ट-वेट ४०० असं स्पष्ट लिहायचं. ज्या कुटुंबात खरा बोल्ड आहे तिथे ७००ची फाइल लोड करायची आणि फॉन्ट-फेसच्या घोषणेत तिच्यापुढे ७०० लिहायचंच. फाइल लोड केली पण वजन लिहिलं नाही, तर ब्राउझर तिलाच रेग्युलर समजतो आणि तिच्यावर पुन्हा बनावट बोल्ड चढवू शकतो. व्हेरिएबल फॉन्ट असेल तर दोन्ही टोकं द्या, उदाहरणार्थ २०० ते ९००.

विंडोजवर वर्ड वापरणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: कुटुंबातला ‘ब्लॅक’ किंवा ‘एक्स्ट्रा बोल्ड’ फॉन्टच्या यादीतून वेगळा निवडला असेल, तर त्याच्यावर ‘बी’ दाबू नये. तो आधीच ठळक आहे, हे वर्डला कळत नाही.

बोल्ड खरा, तरीही भरतोय: आकार चुकलाय

माझ्या मते मूळ दुखणं हे आहे, आणि ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

अठराव्या शतकाच्या अखेरीस इटलीतले बोडोनी आणि फ्रान्समधले दिदो या टाइपकारांनी जाड खांब आणि केसासारख्या बारीक रेघा असलेली अक्षरं प्रतिष्ठित केली. एकोणिसावं शतक उजाडलं तसं लंडनमध्ये जाहिरातींची पत्रकं भिंतींवर लागू लागली, आणि हीच अक्षरं फुगवून ‘फॅट फेस’ तयार झाले. रॉबर्ट थॉर्न या टाइप ओतणाऱ्याचं नाव त्यांच्याशी जोडलं जातं. खांब प्रचंड जाड, रेघा मात्र होत्या तितक्याच बारीक. रस्त्याच्या पलीकडून वाचायच्या अक्षरांना ते शोभत होतं. १९२८चा अल्ट्रा बोडोनी याच घराण्यातला आणि आजचा अब्रिल फॅटफेसही.

पुस्तकाच्या ओळीत एखादा शब्द उठून दिसावा, म्हणून हे फॅट फेस घालून बघितले गेले. ते तिथे शोभले नाहीत. १८४५ मध्ये लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीत रॉबर्ट बेस्ली यांनी क्लॅरेंडन आणला, त्याचे पंच (ज्यांवरून अक्षरांचे साचे होतात ते पोलादी ठसे) बेंजामिन फॉक्स यांनी कोरले. त्यात बारीक रेघा मुद्दाम जाड केल्या, सेरिफ खांबाला वळण देऊन भक्कम जोडले आणि अक्षराची रुंदी आटोक्यात ठेवली. हेतू सरळ होता: साध्या मजकुराच्या शेजारी, त्याच आकारात, ठळक दिसावं आणि छपाईत टिकावं. शब्दकोशातले ठळक मूळ शब्द हे त्याचं हक्काचं घर झालं. नोंदणीने मिळालेलं संरक्षण तीनच वर्षांचं होतं; ते संपताच इतर फाउंड्रींनी त्याच्या नकला काढल्या. १९२२चा कूपर ब्लॅक आणखी पुढे गेला. ओस्वाल्ड कूपर यांनी त्यात बारीक रेघ जवळपास ठेवलीच नाही, सेरिफ गोल केले. म्हणून तो कापडावर छापा, खडबडीत पुठ्ठ्यावर छापा, हू की चू करत नाही.

तात्पर्य, ‘ठळक सेरिफ’ या एका नावाखाली दोन वेगळी हत्यारं आहेत. एक लांबून बघायचं, दुसरं ओळीत वाचायचं. पहिलं दुसऱ्याच्या जागी वापरलं की अक्षरं भरतात किंवा विरतात.

हिशोब करून बघा. २० एककांची बारीक रेघ ७२ पॉइंटमध्ये १.४४ पॉइंटची, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर. छान, ठसठशीत. तीच रेघ १० पॉइंटमध्ये ०.२ पॉइंट, म्हणजे ०.०७ मिलिमीटर. छापखाने साधारणपणे ०.२५ पॉइंटपेक्षा बारीक रेघ देऊ नका म्हणतात. पडद्यावर १६ पिक्सेलच्या मजकुरात ही रेघ एका पिक्सेलच्या तिसऱ्या हिश्शाएवढी होते. ती काळी दिसणं शक्यच नाही, करडीच दिसणार.

छापखान्यातल्या धातूच्या खिळ्यांच्या काळात हा प्रश्न बराचसा आपोआप सुटायचा. प्रत्येक आकाराचे पंच वेगळे कोरले जात. लहान आकारात रेघा जाड, पोटं मोठी, अक्षरं जरा सुटी. फोटोटाइपसेटिंग (फिल्मवरून अक्षरजुळणी) आलं आणि एकच रेखाटन लहान-मोठं करून सगळीकडे वापरायची सवय लागली. संगणकाने ती सवय जशीच्या तशी उचलली. २०१६ मध्ये ओपनटाइप या फॉन्ट-फाइलच्या मानकाच्या १.८ आवृत्तीने व्हेरिएबल फॉन्ट आणले, तेव्हा ‘ऑप्टिकल साइझ’चा अक्ष, म्हणजे आकारानुसार रेखाटन बदलायची सोय, त्यात नीट बसला. सोर्स सेरिफ ४, फ्रॉन्सिस यांसारख्या कुटुंबांत तो आहे. ब्राउझरमध्ये फॉन्ट-ऑप्टिकल-साइझिंग ‘ऑटो’ असतं, त्यामुळे आकार बदलला की रेखाटनही बदलतं. फक्त फॉन्टची फाइल तो अक्ष ठेवून घेतलेली हवी. फाइल लहान करण्याच्या नादात अनेकदा तोच कापून टाकलेला असतो.

अक्ष नसेल तर नावं वाचा. डिस्प्ले, पोस्टर, हेडलाइन, बॅनर, फॅटफेस: हे मोठ्या आकाराचे. टेक्स्ट, कॅप्शन: हे लहान आकाराचे. डीएम सेरिफ डिस्प्ले आणि डीएम सेरिफ टेक्स्ट शेजारी ठेवून बारीक रेघा बघितल्या, की दुसरं काही समजावून सांगायला लागत नाही. प्लेफेअर डिस्प्ले बोल्डमध्ये आख्खे परिच्छेद लावलेली पानं अजून सर्रास दिसतात, नावात ‘डिस्प्ले’ लिहिलेलं असूनही! माझा स्वतःचा नियम असा की २४ पॉइंटच्या खाली डिस्प्ले कट वापरायचा नाही. हा काही कुठे लिहिलेला नियम नव्हे, पण त्याने खूप डोकेदुखी वाचते.

उलटी चूकही होते. जॉर्जिया बोल्ड मोठ्या शीर्षकात फारच काळाकुट्ट दिसतो अशी तक्रार येते. मॅथ्यू कार्टर यांनी तो नव्वदच्या दशकातल्या पडद्यांसाठी काढला. तिथे रेग्युलरचा खांब एक पिक्सेल, आणि त्याहून ठळक म्हणजे थेट दोन पिक्सेल. मधली पायरीच नव्हती. म्हणून त्याचा बोल्ड इतका दणदणीत. १४ पिक्सेलच्या उपशीर्षकाला तो उत्तम, ६० पिक्सेलच्या मथळ्याला नको.

छपाईत पांढरं कुठे जातं

फाइल निर्दोष, फॉन्ट योग्य, तरी छापून आलेलं भरलंय. इथे पहिला संशय काळ्या रंगावर घ्यायचा. वर्ड किंवा आरजीबी (पडद्याच्या रंगांच्या) फाइलमधलं शुद्ध काळं सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या निळ्या (सी), किरमिजी (एम), पिवळ्या (वाय) आणि काळ्या (के) शायांत, बदललं की ते चार शायांचं होतं. फोटोशॉपच्या स्वॉप (SWOP) या छपाईच्या रंग-प्रोफाइलमधला नेहमीचा आकडा आहे सी ७५, एम ६८, वाय ६७, के ९०. बेरीज तब्बल ३००. चार प्लेटा एकमेकींवर तंतोतंत बसल्या तर ठीक. ही जुळणी, म्हणजे रजिस्ट्रेशन, ०.१ मिलिमीटरने जरी हललं, तरी ते वरच्या हिशोबातल्या ०.०७ मिलिमीटरच्या रेघेपेक्षा जास्त आहे. मग अक्षराच्या कडेला निळी-लाल झाक येते आणि पोट भरतं. मजकुराचं काळं फक्त के १०० ठेवा आणि ते ओव्हरप्रिंट होतंय ना, म्हणजे खालचा रंग न कापता त्यावरच छापलं जातंय ना, हे अॅक्रोबॅट प्रोच्या आउटपुट प्रीव्ह्यूमध्ये तपासा.

रिव्हर्समध्ये, म्हणजे गडद पट्टीवर पांढरी अक्षरं असताना, हिशोब उलटतो. आता शाई बाहेरून आत पसरते आणि बारीक रेघा गिळते. इथे पोटं मोठी होतात, पण सेरिफ आणि जोडरेघा तुटतात. रिव्हर्ससाठी सर्वांत बारीक रेघ अर्ध्या पॉइंटपेक्षा कमी नको. पट्टीचा रंग जितक्या कमी शायांचा, तितकं बरं. कागदाचाही वाटा मोठा असतो. आर्टपेपरवर शाई जागेवर बसते. मॅपलिथोवर (बिनचकाकीच्या कागदावर), आणि न्यूजप्रिंटवर तर फारच, ती फैलावते. त्यामुळे आर्टपेपरवरचा प्रूफ बघून न्यूजप्रिंटचं काम पास करण्यात काही अर्थ नाही.

आणखी एक, झटकन: मजकूर फोटोशॉपमध्ये सपाट करून ३०० डीपीआयची जेपीजी पाठवू नका. ३०० डीपीआयचा एक पिक्सेल ०.२४ पॉइंटचा असतो. आपली रेघ ०.२ची. ती चित्रातच मेलेली असते, छापखान्याला बोल लावून उपयोग नाही.

अंतर

ठळक अक्षराचं पोट लहान, म्हणून दोन अक्षरांतलं अंतरही मोठ्या आकारात किंचित घट्ट केलेलं चांगलं दिसतं. उणे १० ते उणे २० ट्रॅकिंग पुरतं. तेच सेटिंग लहान आकारात कॉपी केलं की सेरिफ सेरिफला भिडतात आणि लहान ‘आर’ व ‘एन’ (rn) मिळून ‘एम’ (m) वाचला जातो. १० पॉइंटला उलट अधिक १० ते २० द्या. मजकूर सगळा कॅपिटलमध्ये असेल तर थोडं आणखी.

देवनागरीत हेच उपाय जसेच्या तसे चालत नाहीत

वरचा ट्रॅकिंगचा उपाय देवनागरीला लावला की शिरोरेषा तुटते. म्हणून तिथे अंतराशी खेळायचं नाही. आकार वाढवायचा किंवा वजन एक पायरी खाली आणायचं.

बनावट बोल्डचं नुकसानही इथे जास्त. ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ यांच्यातला फरक शिरोरेषेतल्या छोट्या फटीवर टिकून असतो. कड फुगली की ती फट बुजते, आणि ‘धन’चं ‘घन’, ‘भाला’चा ‘माला’ होतो. ‘सर्वांत’मधला रफार आणि अनुस्वार एकमेकांना चिकटून एकच ठिपका होतो. ‘ष’च्या पोटातली तिरकी रेघ पोटासकट भरते आणि तो ‘प’सारखा दिसू लागतो. ‘द्ध’, ‘ष्ट्र’ यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. हे प्रूफ वाचणाऱ्याच्याही नजरेतून सुटतं, कारण फाइलमध्ये अक्षर बरोबरच असतं.

टिरो देवनागरी मराठी हा वाचनासाठी सुरेख फॉन्ट, पण त्यात रेग्युलर आणि इटॅलिक एवढंच आहे. त्याला ‘बी’ लावून उपशीर्षकं केली की वरचे सगळे प्रकार एकदम दिसतात. ठळकपणा हवाच असेल तर मार्टेल किंवा नोटो सेरिफ देवनागरी घ्या. दोन्हींत खरी जाड वजनं आहेत. इंग्रजी आणि मराठी शेजारी असतील तर आकड्यावर विसंबू नका. इंग्रजी ७०० आणि देवनागरी ७०० शेजारी ठेवले की शिरोरेषा आणि जोडाक्षरांमुळे देवनागरी बहुधा जास्त काळी दिसते. मी अशा वेळी देवनागरी ६०० घेऊन बघतो. लीडिंग, म्हणजे ओळींमधलं अंतर, तेही मोकळं हवं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो.

फॉन्ट बदलायची मुभाच नसेल तर

लोगो किंवा ब्रँडच्या नियमांमुळे फॅटफेसच वापरायचा, तोही लहान आकारात, अशी सक्ती असते. मग आकार वाढवून मागा; ८ पॉइंटचं ११ झालं तरी रेघ सव्वापटीहून जास्त जाड होते. कुटुंबात सेमीबोल्ड असेल तर तो घ्या, लहान आकारात तो बोल्डइतकाच काम देतो. पार्श्वभूमी एकाच शाईची करून घ्या.

एवढं करूनही रिव्हर्समध्ये रेघा तुटत असतील, तर वर ज्या आउटलाइनला नावं ठेवली तीच इथे उपयोगी पडते. पांढऱ्या अक्षरांना ०.१ ते ०.१५ पॉइंटची पांढरी आउटलाइन द्या. शाई आत सरकून जेवढं पांढरं खाते, साधारण तेवढंच आपण आधीच जास्त दिलेलं असतं. मात्र हे फक्त रिव्हर्सपुरतं, आणि मजकुराची एक प्रत आउटलाइनशिवाय जपून ठेवून. मग त्याच कागदावर, त्याच मशीनवर एक प्रूफ काढायला सांगा आणि तो भिंगातून बघा: ‘ई’चा डोळा उघडा आहे ना, ‘एन’चे दोन्ही दांडे सलग आहेत ना. दोन्ही ठीक असतील तर काम मशीनवर चढवायला हरकत नाही.